रात्री अकरानंतरही गप्प राहणारा एसएमपीएस: कसा निवडायचा, कसा बसवायचा

माझी धाकटी बहीण घरूनच आवाजाचं काम करते. गोष्टी वाचून रेकॉर्ड करायच्या, वर थोडं व्हिडिओ एडिटिंग. गेल्या वर्षी तिचा फोन आला: "दादा, प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये मागे घूं येतंय. दुकानदार म्हणतो एसएमपीएस बदला. बदलू का?" एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला तो डबा, जो भिंतीतली वीज पीसीच्या भागांना लागते तशी करून देतो.

मी म्हटलं, थांब. कारण हाच सल्ला ऐकून मी स्वतः एकदा खड्ड्यात पडलोय. माझा पीसी रात्री गुणगुणायचा म्हणून मी चांगला महागडा ८५० वॉटचा एसएमपीएस आणला, तीन तास खपून सगळ्या वायरी पुन्हा ओढल्या, बटण दाबलं आणि तोच घूं आवाज. आवाज हार्ड डिस्कचा होता. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. ती कॅबिनेटच्या पत्र्याला थेट स्क्रूने आवळली की १२० हर्ट्झचा सूर पत्रा गातो. चार रबरी वॉशर लावले आणि पीसी गप्प झाला. नवा एसएमपीएस चांगलाच होता, फक्त त्याची गरज नव्हती.

म्हणून या लेखात खरेदी जरा उशिरा येते.

आधी ऐका: बोलतंय कोण?

रात्री खोलीतला सीलिंग फॅन बंद करा, खिडक्या लावा. वर्तमानपत्राची सुरळी करून एक तोंड कानाला आणि दुसरं कॅबिनेटच्या एकेका भागाजवळ न्या. हसू येईल, पण आवाजाची दिशा पकडायला याहून स्वस्त साधन नाही. मोबाइलवरची डेसिबल मोजणारी ॲप्स इथे फारशी उपयोगाची नाहीत. इतक्या हळू आवाजात फोनच्या माइकचा स्वतःचा खरखराटच जास्त असतो.

आवाजाचा पोत ओळखायला शिका. हवेचा सूं आवाज पंख्याचा असतो. कोणत्या पंख्याचा, ते बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जाऊन कॅबिनेटचे पंखे आणि सीपीयूचा पंखा थोडा वेळ हळू करून कळतं. सगळे हळू केल्यावरही मागून सूं येत असेल तर एसएमपीएसवर संशय घ्या. टिकटिक किंवा खर्रर्र म्हणजे बेअरिंग झिजलंय, नाहीतर एखादी वायर पात्याला लागतेय. बारीक, कानात घुसणारी कुईकुई म्हणजे कॉइलचा (आतल्या तारेच्या वेटोळ्याचा) आवाज, आणि तो बरेचदा एसएमपीएसचा नसून ग्राफिक्स कार्डाचा असतो. एखाद्या गेमच्या मेन्यूत फ्रेम रेट ६० वर बांधून पाहा. कुईकुई थांबली किंवा सूर बदलला, तर लोड बदलल्यावर कॉइल बोलते एवढं नक्की झालं. मग सुरळी नेऊन कार्ड की एसएमपीएस ते ठरवा.

जाड, खालच्या पट्टीतला गुंजारव येत असेल तर टेबलाखालचा यूपीएस तपासा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर गुणगुणतो, आणि लाकडी फळीवर ठेवला की फळी त्याला साथ देते.

एक गोष्ट मात्र करू नका: एसएमपीएस उघडून बोट किंवा स्क्रू ड्रायव्हर आत घालणं. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) साधारण ३८० ते ४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकून राहतात.

बहिणीच्या घरी दोन गोष्टी निघाल्या. पहिली, कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसचा पंखा खरंच जोरात फिरत होता. दुसरी, भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. एसएमपीएसच्या आत वीज गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्म्या व्होल्टेजइतका दाब तरंगत राहतो. बोटांना मुंग्या येतात त्या त्यामुळेच, आणि यूएसबी माइकमध्ये गुरगुरही त्यामुळे येऊ शकते. ती गुरगुर जगातल्या सर्वात शांत एसएमपीएसनेही जाणार नाही. इलेक्ट्रिशियनने अर्थिंग जोडलं आणि रेकॉर्डिंगमधला अर्धा त्रास तिथेच संपला. उरलेल्या अर्ध्यासाठी खरेदी.

फुकटचे दोन उपाय

पैसे खर्च करण्याआधी हे करून बघा. कॅबिनेट टेबलावर कानाशेजारी असेल तर खाली ठेवा. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. बंद खोलीत तेवढा नाही, पण कळण्याइतका नक्कीच.

दुसरं म्हणजे आपली ती कॉम्प्युटर टेबलं. त्यांत सीपीयूसाठी एक खोका असतो, मागून फळीने बंद. एसएमपीएस गरम हवा मागे फेकतो, ती फळीला आपटून पुढे येते आणि तीच पुन्हा आत ओढली जाते. पंखा बिचारा आपलीच वाफ पुन्हा पुन्हा उपसत बसतो. मागची फळी काढा, नाहीतर कॅबिनेट बाहेर घ्या. आणि आईने प्रेमाने शिवलेलं कापडी कव्हर पीसी चालू असताना अंगावर ठेवू नका, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण ते मी तीन घरांत पाहिलंय.

आवाज म्हणजे मुळात उष्णता

शांत एसएमपीएस म्हणजे चांगला पंखा लावलेला एसएमपीएस, अशी समजूत असते. पंखा हा शेवटचा नोकर. त्याला किती काम द्यायचं हे आत किती उष्णता तयार होते त्यावर ठरतं.

हिशेब सोपा आहे. समजा पीसीला २६० वॉट हवेत. एसएमपीएसची कार्यक्षमता ८० टक्के असेल तर तो भिंतीतून ३२५ वॉट ओढतो आणि मधले ६५ वॉट त्याच्या पोटात उष्णता होतात. मोठ्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता त्या डब्यात. कार्यक्षमता ८५ टक्के असेल तर ४६ वॉट. ९० टक्के असेल तर २९. ९२ असेल तर २३.

हे आकडे पुन्हा बघा. ८० वरून ९० ला गेलात की उष्णता निम्म्याहून कमी झाली. पण ९० वरून ९२ ला जाताना फक्त ६ वॉट वाचले, आणि दुकानात त्या ६ वॉटांची किंमत बरीच मोठी असते. म्हणूनच मी बहुतेकांना '८० प्लस गोल्ड'शी थांबायला सांगतो. ('८० प्लस' हा कार्यक्षमतेचा बिल्ला; ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम या त्याच्या चढत्या पायऱ्या.) वीजबिलाचं कारण पुढे करून प्लॅटिनम विकणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. रोज पाच तास पूर्ण लोडवर वापर धरला तरी ब्राँझ आणि गोल्डमधला फरक महिन्याला अडीच युनिटांच्या आसपास येतो. गोल्ड घ्यायचा तो कानांसाठी.

या '८० प्लस' बिल्ल्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. २००४ मध्ये सुरू झालेली ही योजना फक्त कार्यक्षमता तपासते: २०, ५० आणि १०० टक्के लोडवर, आणि टायटॅनियमसाठी १० टक्क्यांवरही. ११५ व्होल्टच्या चाचणीत ब्राँझला ८२, ८५, ८२ टक्के लागतात आणि गोल्डला ८७, ९०, ८७. आपल्या २३० व्होल्टवर प्रवाह कमी लागतो, त्यामुळे तोच एसएमपीएस आपल्याकडे सहसा एखाद-दोन टक्के जास्त कार्यक्षम चालतो. पण या चाचणीत आवाज कुणी मोजतच नाही. गोल्ड असूनही कर्कश पंख्याचे एसएमपीएस मी ऐकलेत. शिवाय ही चाचणी २३ अंशांच्या आसपास होते. आपल्याकडे २३ अंश डिसेंबरात, तेही पहाटे.

किती वॉटचा घ्यायचा?

दोन्ही बाजूंना खड्डे आहेत. लहान घेतला तर पंखा सतत किंचाळतो. अवाढव्य घेतला तर पैसे वाया जातात, आणि नुसतं टायपिंग करताना ५० वॉटांवर चालणारा ८५० वॉटचा डबा त्याच्या क्षमतेच्या ६ टक्क्यांवर घुटमळतो. तिथे कार्यक्षमता सहसा घसरलेली असते.

माझा नियम असा: पीसीचा खरा कमाल लोड एसएमपीएसच्या ४० ते ५५ टक्क्यांत बसला पाहिजे. बहुतेक एसएमपीएसचा पंखा याच टप्प्यापर्यंत रेंगाळतो आणि त्यानंतर चढायला लागतो.

कमाल लोड काढताना 'टीडीपी'च्या, म्हणजे प्रोसेसरवर छापलेल्या वॉटच्या, आकड्यावर विसंबू नका. रायझन ५ ७६०० या प्रोसेसरवर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण तो ८८ वॉटपर्यंत घेऊ शकतो. इंटेलच्या आय५ १२४०० वरही ६५ लिहिलेलं असतं, आणि टर्बोमध्ये कमाल ११७. ग्राफिक्स कार्डांचे आकडे तुलनेने प्रामाणिक असतात: आरटीएक्स ४०६० चे ११५ वॉट, ३०६० चे १७०, ४०७० चे २००. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० ते ६० वॉट धरा.

बहिणीच्या पीसीत रायझन ५ ७६०० आणि आरटीएक्स ४०६०. ८८ अधिक ११५ अधिक ५५, म्हणजे सुमारे २६०. एन्व्हिडिया या कार्डासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते आणि तो पुरतोही: २६० म्हणजे त्याचे ४७ टक्के. आम्ही ६५० चा घेतला, कारण किमतीत फरक थोडा होता आणि लोड ४० टक्क्यांवर आला. ग्राफिक्स कार्ड नसलेला ऑफिसचा पीसी पूर्ण जोरात चालूनही दीडशे वॉटच्या आत राहतो. त्याला ४५० वॉटचा बरा एसएमपीएस म्हणजे चैन.

तुमचा पीसी आधीच चालू असेल तर अंदाज कशाला? प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर आणा, किंवा यूपीएसच्या पडद्यावर लोड दिसत असेल तर तो वाचा. फक्त ध्यानात ठेवा, तो भिंतीतून ओढलेला आकडा आहे. पीसीला प्रत्यक्ष मिळणारा त्याहून १० ते २० टक्के कमी.

लेबल वाचायला शिका

डब्यावर मोठ्या अक्षरांत '४५०' असतं. तिकडे न बघता बाजूचा तक्ता बघा आणि त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा. आजचा पीसी जवळजवळ सगळी वीज याच लाइनीतून घेतो. ॲम्पिअरला १२ ने गुणा. चांगल्या ६५० वॉटच्या एसएमपीएसवर ५४ ॲम्पिअर असतात. ५४ गुणिले १२ म्हणजे ६४८ वॉट. कॅबिनेटसोबत 'फुकट' आलेल्या '४५० वॉट'च्या डब्यावर कधीकधी १४ ॲम्पिअर दिसतात. म्हणजे १६८ वॉट! बहिणीचा जुना डबा याच जातीचा होता. २६० वॉटांची मागणी त्याच्यावर टाकल्यावर तो ओरडणार नाही तर काय करणार? खरं तर तो जळला नाही हेच नवल.

त्याच लेबलवर किंवा माहितीपत्रकात हे पूर्ण वॉट किती तापमानाला मिळतात तेही बघा: ४० अंश की ५० अंश. कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा गरमच असते. नागपूर-चंद्रपूरकडच्यांनी, किंवा ज्यांचं घर वरच्या मजल्यावर स्लॅबखाली आहे त्यांनी, ५० अंशांचाच घ्यावा. अशा एसएमपीएसमध्ये १०५ अंशांचे कपॅसिटर असतात का तेही पाहा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला निम्मं होतं, असा ठोकताळा आहे.

पंखा: चालता की झोपलेला?

पंखा मोठा असलेला बरा. १२० मिलिमीटर किमान, १३५ किंवा १४० असेल तर उत्तम, कारण तेवढीच हवा तो कमी फेऱ्यांत ढकलतो. आणि फेऱ्यांचा परिणाम जबरदस्त आहे: त्याच पंख्याच्या फेऱ्या निम्म्या झाल्या की आवाज साधारण १५ डेसिबलने पडतो. कानाला १० डेसिबलचा फरक दुपटीएवढा वाटतो, यावरून अंदाज करा. छोट्या कॅबिनेटांसाठीचे एसएफएक्स एसएमपीएस याच कारणाने मागे पडतात. त्यांत ८० किंवा ९२ मिलिमीटरचाच पंखा मावतो. जागा असेल तर त्यांच्यातला थोडा लांब एसएफएक्स-एल प्रकार घ्या, त्यात १२० चा बसतो.

बेअरिंगचं थोडक्यात. साधं स्लीव्ह बेअरिंग नवं असताना अगदी मुकं असतं, पण उन्हाळा आणि धूळ खाऊन वर्षा-दोन वर्षांत घरघरायला लागू शकतं. एसएमपीएसमध्ये पंखा आडवा झोपलेला असतो, ते त्याला आणखी सोसत नाही. बॉल बेअरिंग टिकतं, पण हळू फिरतानाही किंचित किरकिर करतं. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग (तेलाच्या थरावर फिरणारं) दोन्हीत बरं. माहितीपत्रकात बेअरिंगचं नावच दिलं नसेल तर ते स्लीव्ह आहे असं समजा.

आता हायब्रिड मोड, ज्याला काही कंपन्या झीरो आरपीएम म्हणतात. लोड कमी असताना पंखा पूर्ण बंद. कोर्सेअरच्या आरएमएक्स मालिकेत हे आहे. सीसॉनिकच्या फोकस जीएक्समध्ये मागे त्यासाठी बटणच दिलंय. जाहिरातीत हे फार गोड वाटतं, आणि युरोपातल्या २० अंशांच्या खोलीत ते गोड असेलही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३७ अंशांत मात्र वेगळंच होतं. पंखा बंद असतो, आत उष्णता साचते, मर्यादा ओलांडली की पंखा फट्कन सुरू होतो, दोन मिनिटांत डबा गार करतो आणि पुन्हा झोपतो. सतत येणारा हळू सूं आवाज मेंदू विसरतो. दर चार मिनिटांनी सुरू होऊन बंद पडणारा आवाज विसरता येत नाही. नळ ठिबकताना झोप येत नाही ना, तसंच.

म्हणून माझं मत: ज्यात हायब्रिड मोड बटणाने बंद करता येतो असाच घ्या. हिवाळ्यात बटण आत, मार्च ते जून बाहेर. बटण नसेल तर सतत पण फार हळू फिरणारा पंखा मला जास्त आवडतो. कपॅसिटरही दुवा देतात.

पंखाच नसलेले एसएमपीएसही मिळतात. सीसॉनिकने प्राइम फॅनलेस नावाने ४५० पासून ७०० वॉटपर्यंतचे काढलेत. आवाज शून्य, पण किंमत डोळे पांढरे करणारी, आणि कॅबिनेटमध्ये दुसऱ्या एखाद्या पंख्याने हवा खेळवावी लागते ती लागतेच. ज्याची खोली एसीत असते आणि जो रोज व्यावसायिक रेकॉर्डिंग करतो, त्यानेच त्या वाटेला जावं.

चाचणी अहवाल कसा वाचायचा

'व्हिस्पर क्वाएट', 'अल्ट्रा सायलेंट' हे शब्द खोक्यावर छापायला कुणाची परवानगी लागत नाही. खऱ्या आकड्यांसाठी सायबेनेटिक्स ही संस्था बघा. ती कार्यक्षमतेला 'ईटा' आणि आवाजाला 'लॅम्डा' अशी वेगळी श्रेणी देते, आणि दोन्ही तिच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. लॅम्डा ए++ म्हणजे सरासरी १५ डेसिबलपेक्षा कमी, ए+ म्हणजे १५ ते २०, ए म्हणजे २० ते २५, ए- म्हणजे २५ ते ३०. तिथे ११५ व्होल्ट आणि २३० व्होल्टचे निकाल वेगळे असतात. आपला २३० चा.

पण श्रेणी ही सरासरी आहे. तिच्या आत आलेख असतो, खरी गंमत तिथे. आडव्या अक्षावर तुमचा लोड शोधा, आमच्या बाबतीत २६० वॉट, आणि तिथे किती डेसिबल आहेत ते वाचा. ८०० वॉटांना तो किती ओरडतो याच्याशी तुमचा संबंधच नाही. एखादा ए- श्रेणीचा एसएमपीएस तुमच्या लोडवर ए+ इतकाच शांत असू शकतो, आणि बराच स्वस्तही. मॉडेलचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून पाहा. एकाच मालिकेत ५५० आणि ७५० चे पंखे वेगळे असतात, आणि नाव तेच ठेवून आतलं डिझाइन बदललेलंही असतं.

आणि किती शांतता विकत घ्यायची, हे ठरवताना वर बघा. छताकडे. तुमचा सीलिंग फॅन बारा महिने फिरत असेल तर १८ आणि २४ डेसिबलमधला फरक तुम्हाला कधीच ऐकू येणार नाही. त्या घरात लॅम्डा ए- पुरे. उरलेल्या पैशांत मोठी एसएसडी घ्या. बहीण रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद करून घामाघूम होऊन बसते, म्हणून तिच्यासाठी आम्ही ए+ शोधला.

लाइट गेल्यावर काय?

परदेशी परीक्षणांत हा मुद्दा नसतो, आपल्याकडे तो आधी येतो. बरे एसएमपीएस 'ॲक्टिव्ह पीएफसी'चे (विजेच्या लहरीबरोबर प्रवाह ओढणाऱ्या सर्किटचे) असतात आणि त्यांना साइन वेव्ह, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर, लागते. घरचा जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर किंवा साधा ६०० व्हीएचा यूपीएस पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो. प्रत्येक पायरीला पीएफसीची कॉइल झटका खाते आणि एरवी मुका असलेला एसएमपीएस लाइट गेल्याबरोबर भुंग्यासारखा गुणगुणू लागतो. कधी थेट बंदही पडतो. लोक मग नव्या एसएमपीएसला नावं ठेवतात.

उपाय एकच, प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर किंवा यूपीएस. तो घेताना व्हीए नव्हे, वॉट बघा. ६०० व्हीएचे यूपीएस बहुतेक ३६० वॉटचेच असतात. इन्व्हर्टरवर पीसी चालवत असाल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा. 'इको' मोडमध्ये बदलाला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो. एटीएक्स या पीसीच्या एसएमपीएससाठीच्या मानकाप्रमाणे एसएमपीएसने वीज गेल्यावर १७ मिलिसेकंद तग धरणं अपेक्षित असतं. स्वस्त डबे तेही करत नाहीत.

दुकानात

पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन, कुठेही घ्या, पण मॉडेल क्रमांक घरून लिहून न्या. "त्याच्यासारखाच आहे साहेब, हाच चालतो सगळीकडे" हे वाक्य ऐकलं की चिठ्ठी पुढे करा. वॉरंटी आवाजाबद्दलही बरंच सांगून जाते: ज्या कंपनीला आपल्या पंख्याची खात्री असते ती सात किंवा दहा वर्षं देते, जिला नसते ती दोन-तीन. सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे की कुरिअरने पाठवावं लागेल, तेही विचारा.

एक प्रश्न मुद्दाम विचारा: "कॉइलचा आवाज आला तर बदलून द्याल का?" बऱ्याचदा तो बिघाड धरला जात नाही. तोंडी हो म्हणाले तर बिलावर लिहून घ्या.

मॉड्युलर वायरींचा फायदा म्हणजे नको त्या वायरी काढून टाकता येतात आणि हवा मोकळी खेळते. चैन आहे, गरज नाही. पण एक धोका पाठ करून ठेवा: जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी नव्याला लावू नका, कंपनी तीच असली तरी. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना सगळ्यांची वेगळी असते. प्लग आत बसतो, बटण दाबलं की डिस्क जळते.

बसवताना

कॅबिनेटच्या तळाला जाळी आणि फिल्टर असेल तर पंखा खाली तोंड करून बसवा; त्याला बाहेरची गार हवा मिळते. तळ बंद असेल तर पंखा वर. पंखा नसलेल्या एसएमपीएसची जाळी मात्र वरच हवी, उष्णता वर जाते म्हणून. कॅबिनेट सतरंजीवर किंवा गालिच्यावर ठेवलंत तर खालून हवा येणारच नाही. माझ्याकडे कॅबिनेट जेवणाच्या जुन्या पाटावर आहे. हवा मिळते, फरशी पुसताना पाणी लागत नाही, आणि पाट पुन्हा कामाला आला म्हणून आजी खूश.

चारही स्क्रू आधी अर्धे बसवा, मग आवळा. एक तिरका राहिला तर पत्रा थरथरतो आणि शांत एसएमपीएस बदनाम होतो. प्रोसेसरच्या पंख्याची वायर, डिस्कची साटा वायर, काहीही एसएमपीएसच्या जाळीवर लोंबकळत नाही ना ते बघा.

धूळ महिन्याला एकदा. तळाचा फिल्टर ओढून नळाखाली धुवा, पूर्ण वाळवून लावा. ब्लोअर मारायचा असेल तर प्लग काढून, आणि पातं काडीने अडवून. ब्लोअरच्या वाऱ्याने पंखा भन्नाट फिरतो आणि बेअरिंगचा जीव जातो.

पहिल्या रात्रीची परीक्षा

खोकं फेकू नका. रात्री सीलिंग फॅन बंद करून पीसी अर्धा तास नुसता चालू ठेवा आणि नेहमीच्या जागी बसून ऐका, कान जाळीला लावून नव्हे. मग सिनेबेंच आणि फरमार्क (प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर पूर्ण लोड टाकणारे प्रोग्रॅम) एकत्र वीस मिनिटं चालवा. ग्राफिक्स कार्डाचा पंखा तेव्हा सगळ्यांवर कडी करेल, ते गृहीत धरा. एसएमपीएसमधून टिकटिक, खरखर किंवा कुईकुई येते का, एवढंच सुरळीने तपासा. आली तर सकाळीच दुकान गाठा. 'वापरून वापरून बसेल' असं कुणी म्हणालं तरी थांबू नका, नाहीतर बदलून घ्यायची मुदत संपेल.

हिवाळ्यात घेतला असेल तर हीच परीक्षा एप्रिलच्या दुपारी तीन वाजता पुन्हा घ्या. बहिणीने घेतली. हायब्रिडचं बटण बाहेर काढावं लागलं, तेवढंच. आता ती सकाळी सहाला रेकॉर्डिंगला बसते. घूं गेलंय, पण परवा तिने नवी तक्रार पाठवली: तिसऱ्या मिनिटाला मागे कोकीळ ओरडतेय, दादा, तिचं काय करू?